रांगोळीतली खोली

मागच्या पडवीत अडकित्ता वाजला. कट्.

दुपार टळत होती. तान्हा झोळीत नुकताच निजला होता, पाच वर्षांची गोदू शेजारच्या ओट्यावर चिंचोके खेळायला पळाली होती, समोरच्या दुकानांनीही अर्ध्या फळ्या लावून घेतल्या होत्या. अशा वेळी तो एवढासा आवाज शकूला पाठीत टोचल्यासारखा वाटला. तिनं मांडीवरची पाटी झटकन पदराखाली ओढली. ओढली आणि मग स्वतःशीच हसली. पाटीवर पडवीतल्या नणंदेपासून, बायपासून, लपवावं असं काही नव्हतं. अजून तरी नव्हतं.

पाटीवर घर होतं. गोदूच्या पाटीवर, गोदूच्याच पेन्सिलीनं काढलेलं.

घर बांधायचं नक्की झालं तेव्हा शकूच्या नवऱ्यानं, महादेव मास्तरांनी, एका ओव्हरसियरकडून नकाशा करून आणला होता. तो निळा कागद त्यांनी मोठ्या कौतुकानं जमिनीवर पसरला. शकू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यात चुलीचा धूर कुठनं जायचा?" मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग गुंडाळून कोपऱ्यात उभा करून ठेवला. "त्या घरात दिवसभर राहणार तू," ते म्हणाले, "मग तूच काढ की. सबंध आळीत तुझ्यासारखी रांगोळी कोणाची नाही."

मास्तर चेष्टेत बोलले होते. शकूनं ते खरं धरलं.

रोज दारात ठिपके मांडायची सवय, तेव्हा घरही तिनं ठिपक्यांवरच बसवलं. एक ठिपका म्हणजे एक हात. पनवेलच्या वेशीबाहेर, खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांनी घेतलेली जागा उभी आणि अरुंद होती. एका अंगाला वखारीची भिंत, दुसऱ्या अंगाला पावसाळी ओहोळ. इकडेतिकडे सरकायला वाव नाही. तेवढे ठिपके मांडायचे आणि रेषांनी जोडायचे. पुढे ओटी, मधे माजघर, मागच्या अंगाला ओळीनं शेजारीशेजारी तीन खोल्या. आधी स्वयंपाकघर, मग शकूची आणि मुलांची खोली, आणि टोकाला बायची खोली. भाताला उकळी येईपर्यंत एक भिंत पुसून दुसरी काढायची, तान्हा निजला की डावीकडचं दार उजवीकडे न्यायचं. एकदा तर भाकरीचं पीठ मळायला घेतलं तेव्हा परातीतल्या पिठात तिनं बोटानं जिना काढला होता, आणि वर मजलाच नाही हे आठवून पाणी ओतून मोडून टाकला होता.

आपली खोली तिनं सगळ्यांच्या आधी काढली होती. त्या खोलीला दार होतं.

बाजारपेठेतल्या या भाड्याच्या दीड खोलीत दार असं एकच, रस्त्यावरचं; मागे पडवीकडे नुसती मोकळी वाट. सकाळी पुढच्या खोलीत मास्तरांची शिकवणीची पोरं बसत. मधे एक जुनं लुगडं आडवं बांधलेलं, त्याच्या अलीकडे पोरं पाढे म्हणत आणि पलीकडे शकू भिंतीकडे तोंड करून तान्ह्याला पाजत असे. लुगडं बदलायचं तर चुलीच्या धुराची वाट बघायची, म्हणजे कुणी डोकावलंच तर दिसायला नको. लग्न होऊन आल्यापासून तिनं एकदाही आतून कडी लावली नव्हती. लावायला आतल्या खोलीला कडीच नव्हती.

आणि गेल्या होळीपासून बाय होती.

बाय म्हणजे हौसा, मास्तरांची थोरली बहीण. रोडपालीच्या मिठागरात आयुष्य काढलेली बाई. लग्नाच्या दुसऱ्या पावसाळ्यातच नवरा खाडीत बुडाला, ती माहेरी परत आली, आणि आली तशी आईबाप गेलेल्या या धाकट्या भावाची आई झाली. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती, दोनतीन ठिकाणांहून विचारणंही झालं. "पोराला कोन बघंल?" एवढं म्हणून तिनं प्रत्येक वेळी माणसं परत पाठवली. त्या पोराला तिनं शाळेत घातलं, फायनलपर्यंत शिकवलं, मास्तर केलं. मिठानं तिच्या टाचांना पडलेल्या भेगा आता कशानंच भरत नव्हत्या. ती चालली की सारवलेल्या जमिनीवर खरखर आवाज होई.

घराचा विषय निघाला तेव्हा बायच म्हणाली होती, "गावातलं उतरवा ते. मी एकली त्यात काय नाचू? तुलया सागाच्या हायत, बापानं घातलेल्या. तुमच्या घराला व्हतील." मास्तरांनी आढेवेढे घेतले. बायनं ऐकलं नाही. रोडपालीचं घर उतरलं, तुळया आणि दाराची चौकट बैलगाडीतून पनवेलला आली, आणि त्याच गाडीत मागे पाय सोडून बसलेली बायही. मांडीवर तिचं बोचकं, बोचक्यात दोन लुगडी आणि अडकित्ता.

"शकू," पडवीतून बायनं हाक मारली, "निजला का गो तो?"

"निजला. या ना आत."

बाय येऊन पाटीसमोर उकिडवी बसली. चष्मा नाही, अक्षरओळख नाही, तरी मान तिरकी करून तिनं घर नीट बघितलं. "यातली माजी कंची?"

शकूनं टोकाच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"मना हितं एक कोनाडा ठेव," बाय म्हणाली. "पानाचा डबा न् अडकित्ता ठेवाया. आनि खिडकी रोडपालीच्या अंगाला काढ. बस. दुसरं काय नको."

शकूनं त्या चौकोनात एक छोटा चौकोन काढला, तो कोनाडा. बाहेरच्या रेषेला एक खाच पाडली, ती खिडकी. बायनं पेन्सिलीच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला पांढरा डाग लुगड्याला पुसला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाकडे काही मागितलं असावं, असं शकूला वाटून गेलं, आणि ते आपल्याला देता येतंय याचा तिला आनंदच झाला होता. हे नंतर तिला फार आठवलं.

पायाला कुदळ लागायच्या आधीच्या रविवारी मास्तरांनी एक टूम काढली. "आपण आधी राहून बघू," ते म्हणाले. गवंडी लोक पायाची आखणी करायला चुन्याची पूड वापरतात, फक्की म्हणतात तिला. मास्तरांनी पोतंभर फक्की आणली, शकूनं पाटीवरून बघून सांगायचं आणि मास्तरांनी मूठमूठ सोडत रेषा ओढायची. दुपारपर्यंत मोकळ्या जमिनीवर पांढरं घर उमटलं. शकू लांब उभी राहून बघत राहिली. एवढी मोठी रांगोळी तिनं जन्मात घातली नव्हती.

मग सगळे राहायला गेले. शकूनं स्वयंपाकघरात तीन दगड मांडून भात टाकला. मास्तर ओटीवर पेपर वाचत बसले. तान्ह्याची झोळी बांधायला छप्पर नव्हतं, म्हणून त्याला खोलीत गोधडीवर निजवला. मास्तरांना पाणी हवं झालं तेव्हा ते सरळ चालत स्वयंपाकघरात आले, तशी बाय ओरडली, "म्हादेव, भितीतनं काय येतंस? तुज्या बायकोनं दार ठेवलंय ते बैलाला ठेवलंय का?"

मास्तर निमूट परत फिरले आणि दारानं वळसा घालून आले. गोदू हसून हसून जमिनीवर लोळली आणि माजघराची अर्धी भिंत तिच्या परकराला लागली.

बाय स्वतः मात्र प्रत्येक दारातून वाकून जात होती. रोडपालीच्या घराची चौकट ठेंगणी, डोकं आपटायचं, ती सवय. उघड्या माळावर, डोक्यावर निळं आभाळ, आणि बाय मान खाली घालून आपल्या खोलीत शिरली. तिनं एक चपटा दगड आणून कोनाड्याच्या जागी ठेवला. त्यावर अडकित्ता ठेवला. मग गोदूला मांडीवर घेऊन रोडपालीच्या दिशेला तोंड करून बसली.

"काय दिसतंय गो बाय?" गोदूनं विचारलं.

"वारा दिसतोय."

"वारा दिसतो का?"

"खिडकी असली का दिसतो," बाय म्हणाली.

भात जरा करपला. सगळ्यांनी तो आपापल्या खोलीत बसून खाल्ला.

दोन दिवसांनी काशीराम गवंडी आपले गडी घेऊन आला. मास्तरांची शाळा होती, ते मधल्या सुट्टीत येतो म्हणून गेले. बाय गोदूला घेऊन घरी, भाकऱ्या थापत होती. जागेवर शकू एकटी, कडेवर तान्हा.

काशीराम मोठा बोलका माणूस. दाढेखाली तंबाखू धरून तळोज्याच्या जत्रेत हरवलेल्या सासऱ्याची गोष्ट सांगत होता आणि हातांनी काम चाललं होतं. खुंट्या ठोकून त्यानं सूत ओढायला सुरुवात केली. एका भिंतीला एक सूत, मग त्याच्या शेजारून अंतर सोडून दुसरं. शकू गोष्टीला हुंकार देत बघत होती. पुढच्या भिंतीला पुन्हा दोन सुतं. त्याच्या पुढच्या भिंतीला पुन्हा दोन.

आणि मग तिचा हुंकार थांबला.

रांगोळीच्या रेषेला जाडी नसते. ठिपक्याला ठिपका जोडला की झालं. तिच्या पाटीवर घराला खोल्या होत्या, दारं होती, कोनाडासुद्धा होता. फक्त भिंती नव्हत्या. दगडाच्या, हातदीड हात रुंदीच्या, जमिनीत पाय रोवून उभ्या राहणाऱ्या भिंती तिनं कुठे धरल्याच नव्हत्या. त्या रविवारी चौघं पांढऱ्या रेषांच्या आतबाहेर घरभर हिंडली, आणि चौघांपैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं.

काशीराम मागच्या अंगाला पोचला. बाहेर सरकायला जागा नाही, एकीकडे वखार, दुसरीकडे ओहोळ. म्हणजे भिंती आतच येणार. त्यानं शेवटचं सूत बांधलं, उभा राहिला आणि डोक्यावरची टोपी मागे सरकवून टोकाच्या खोलीकडे बघत म्हणाला, "ताई, ही तर लय बारीक झाली. हितं खाट मावंल, मग मानूस भायेर. काय करू बोला."

"थोडं थांबा," शकू म्हणाली.

"थांबतो की. गडी काय, तंबाखू खातील."

स्वयंपाकघर कमी करता येत नव्हतं. चूल, मोरी, जातं, सगळं मोजून बसवलेलं. राहिल्या दोन खोल्या, तिची आणि बायची. दोन्ही ठेवल्या तर दोन्हींची खुराडी होणार. दोघींची मिळून एकच केली तर बरी ऐसपैस होईल. त्यात बायची खाट एका भिंतीला, आपली आणि मुलांची अंथरुणं दुसऱ्या भिंतीला. हे शकूला सुचलं नाही असं नाही. सगळ्यांत आधी हेच सुचलं. आणि सुचता क्षणी तिच्या डोळ्यांसमोर ते दार आलं, कडीचं. आत शिरावं, कडी लावावी, केस मोकळे सोडून पाय पसरावेत, आणि कोपऱ्यात अडकित्ता वाजावा. कट्.

मास्तरांना येऊ द्या, असं ती म्हणू शकली असती. मधली सुट्टी व्हायला फार वेळ नव्हता. पण मास्तर आले असते तर त्यांनी काय सांगितलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं तान्ह्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, खाली वाकली आणि दोन खोल्यांच्या मधली खुंटी एका हातानं हलवून हलवून उपटून काढली. सूत सैल पडलं.

"ही मधली भिंत नको," ती म्हणाली. "एकच खोली करा. मुलांची."

"आनि आजीबाईंची?"

"त्या माजघरात झोपतील."

काशीरामनं मान डोलावली आणि सासऱ्याची गोष्ट जिथं सोडली होती तिथून पुढे चालू केली.

मास्तर आले ते घाईघाईत, बोटांना खडू लागलेला. खुंट्यांमधून चालत मागे पोचले आणि थबकले. "बायची खोली कुठं गेली?"

शकूच्या तोंडातून आपसूक निघालं. "जागाच उरत नव्हती. बायंना विचारलं सकाळी. त्या म्हणाल्या, मला नको खोली. माजघरात माणसांत बरं वाटतं."

बोलून संपलं नाही तोच वखारीच्या कोपऱ्यावरून बाय येताना दिसली. डोक्यावर भाकऱ्यांचं टोपलं, बोटाला गोदू.

"बाय," मास्तरांनी तिथूनच विचारलं, "खोली नको म्हणालीस तू?"

बाय जवळ आली. तिनं टोपलं खाली ठेवलं, चुंबळ सोडून झटकली. सैल पडलेल्या सुताकडे बघितलं. जमिनीत खुंटीचं ताजं भोक होतं. मग तिची नजर शकूच्या उजव्या हातावर गेली. हात मातीनं भरला होता आणि शकूला तो कुठे लपवावा कळत नव्हतं.

"हां," बाय म्हणाली. "मीच बोलले. मना खोली कशाला रं? मी काय नवी नवरी हाय?"

काशीराम हसला, गडी हसले, मास्तरही हसले. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, ते भाकरीचा तुकडा मोडून शाळेकडे पळाले. गोदू मात्र खुंट्यांमधून फिरत होती. ज्या जागी दोन दिवसांपूर्वी बायच्या मांडीवर बसली होती ती जागा तिला सापडत नव्हती. "आई, बायची खोली कुठं हाय?"

"भिंतींनी खाल्ली," शकू म्हणाली.

गोदूला ते पटलेलं दिसलं. तिनं जाऊन एका सुताला पायानं ढकलून पाहिलं.

पाया भरला, जोतं आलं, भिंती वर चढू लागल्या. चौकट बसवायच्या दिवशी शकूनं तिला हळदकुंकू लावलं. चौकट रोडपालीची. ती लहानपणापासून ओलांडत आलेली बाय मात्र रीतीप्रमाणे मागे, वाळूच्या ढिगाशी उभी राहिली. शकूनं हाक मारली, "बाय, पुढं या ना." बायनं नुसता हात हलवला.

भिंतींना पाणी मारायचं काम बायनं आपणहून घेतलं. सकाळ संध्याकाळ ती ओहोळाशेजारच्या विहिरीवरून घागरी आणी आणि ओंजळी ओंजळीनं चुन्याच्या सांध्यांवर पाणी सोडी. "भीत पानी पितंय तवर पाजायचं," ती गोदूला सांगे, "मंग ती जलमभर उभी ऱ्हाते." सबंध घर पाजून झालं की ती टोकाच्या खोलीशी येई. तिथली खिडकी शकूनं काढली होती तिथंच आली होती, रोडपालीच्या अंगाला. बाय त्या भिंतीलाही पाणी पाजी. जरा जास्तच पाजते असं शकूला वाटे. मग वाटे, नाही, इतकंच पाजते जितकं बाकीच्यांना, मलाच जास्त दिसतं.

शकूनं काशीरामला सांगून माजघरात एक कोनाडा करून घेतला. चांगला खोल, वर कमान असलेला. बायला हाताला धरून दाखवायला नेलं.

"बेस झालाय," बाय म्हणाली आणि आत हात घालून तळ चाचपला.

"बाय," शकू म्हणाली. "त्या दिवशी मी... तुम्ही खोलीत झोपा ना. मुलांना घेऊन झोपा. मी माजघरात झोपीन."

"येडी काय तू." बाय कोनाड्यातला चुन्याचा खडा उचलून बाहेर टाकत होती. "पाजती बाई तू. तुला दार पायजे. मी बगते ना इतके दिस, लुगड्याआड कशी बसतंस ती."

शिव्या दिल्या असत्या तर शकूला बरं वाटलं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. तिनं मास्तरांना सगळं सांगून टाकायचं ठरवलं. त्याच दिवशी ते हातपाय धुऊन चहाला बसले तेव्हा तिनं तोंड उघडलं, आणि मास्तरच आधी बोलले. "बायनं स्वतः म्हटलं म्हणून बरं. नाहीतर मला घास गेला नसता बघ त्या घरात." शकूनं त्यांच्या पेल्यात आणखी थोडा चहा ओतला. तान्हा रडला, ती उठली. नंतर तो विषय काढायला सवड अशी मिळालीच नाही. म्हणजे, मिळाली. पण सवड मिळाली की ती काहीतरी घासायला घेई.

पाऊस लागायच्या आत कौलं चढली आणि सगळी राहायला गेली. रोडपालीच्या तुळया माजघरावर आडव्या पडल्या होत्या, धुरानं काळ्या झालेल्या, नव्या भिंतींवर जुन्या. बायचं अंथरूण त्यांच्याच खाली.

घर सुंदर होतं. धूर जात होता. बघायला येणाऱ्या बायका स्वयंपाकघरात वर मान करून धुराडं बघत आणि मास्तर अभिमानानं सांगत, "हिनं काढलंय सगळं. रांगोळीवरनं." शकू चहा टाकायला वळे.

पण माजघर ही सगळ्या घराची वाट होती. ओटीवरून स्वयंपाकघरात जायचं तर तिथून, मोरीवर जायचं तर तिथून. शिकवणीची पोरं पाणी प्यायला येत तीही तिथून. बाय कुठंही बसली तरी कुणाच्या तरी वाटेत असे. पाऊल वाजलं की ती गुडघे जवळ घेई. दुसरं वाजलं की डबा उचलून भिंतीला सरके. पहाटे कुणी उठायच्या आत तिचं अंथरूण गुंडाळलेलं असे. सांगून कुणी तिला तसं करायला लावलं नव्हतं. दीड खोलीत सगळी एकमेकांच्या पायात येत होती, तेव्हा कुणीच कुणाच्या वाटेत नव्हतं. इथं प्रत्येकाला जागा होती.

शकू आपल्या खोलीत जाऊन कडी लावी. केस मोकळे सोडी, पाय पसरी. आणि बाहेर अडकित्ता वाजायची वाट बघत बसे. वाजला की तिला धीर येई, की आहे अजून.

श्रावणात एका सकाळी बाय बोचकं घेऊन ओटीवर आली. बेलपाड्याला तिची मावसबहीण होती, रंभा. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "बालंतपन उरकलं का येते," बायनं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी सुटीच्या दिवशी पोचवतो म्हटलं, बाय हसली. "मिठाच्या गोनी घेऊन चालत गेलेय मी त्या वाटेनं. बोचक्याचं काय?"

मास्तर शाळेत गेले. बायनं तान्ह्याचा मुका घेतला, गोदूच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. शकू चौकटीत उभी होती. बाय जवळ आली तेव्हा शकू वाकून तिच्या पाया पडली. भेगाळलेल्या टाचांना तिची बोटं लागली आणि तिथून उठावंसंच वाटेना.

"उठ," बाय म्हणाली. "उठ गो. पोरं बगतात."

"बाय, परत याल ना?"

बायनं चौकटीवर हात ठेवला, वाकली, सवयीनं, आणि बाहेर पडली. चौकट ठेंगणीच होती, या वेळी वाकणं बरोबर होतं. ओहोळावरच्या फळीपर्यंत जाऊन ती मागे वळली. "दार लावून घे आतनं," ती म्हणाली. "वारा लय हाय."

शकू माजघरात आली. कोनाडा रिकामा होता. पानाचा डबा नव्हता, अडकित्ता नव्हता, दोरीवर तिचं लुगडंही नव्हतं. बाळंतपणाला चार दिवस जाणारी बाई दोन्ही लुगडी घेऊन जात नाही. तळाशी सुपारीचा चुरा पडला होता. शकूनं तो बोटानं गोळा केला आणि टाकायचा कुठे हे न सुचून पदराच्या टोकात बांधला.

रंभाच्या सुनेला मुलगा झाला असा निरोप आला. मग गणपती आले, गेले. मास्तर दोनदा बेलपाड्याला जाऊन आले. पहिल्यांदा बायनं बाळंतिणीच्या पेजेचं, दुसऱ्यांदा भातकापणीचं निमित्त सांगितलं. दुसऱ्या खेपेला मास्तर परतले ते ओटीवरच बसून राहिले, पेपर उघडला नाही. शकूनं पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला आणि म्हणाले, "करमत नसेल का तिला इथं? तिनंच सांगितलं होतं ना, माणसांत बरं वाटतं म्हणून?"

"हो," शकू म्हणाली.

त्या दुपारी घर अगदी शांत होतं. मास्तर कुणाकडे तरी गेले होते. शकू खोलीत तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. कडी लावलेली नव्हती. हल्ली ती लावत नसे. गोदू हातात खडू घेऊन आत आली आणि फरशीवर बसून घर काढू लागली. ओटी, माजघर, मागे तीन चौकोन. तिसऱ्या चौकोनात तिनं एक बाई काढली, वाकलेली.

मग ती उठून भिंतीपाशी गेली, गाल भिंतीला लावला आणि ऐकत राहिली.

"काय करतेस गोदू?"

"बायची खोली आत हाय ना. बगते वाजते का."

शकूनं तान्ह्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गोदू खिडकीशी गेली, चवड्यांवर उभी राहून तिनं गजांतून बाहेर बघितलं. रोडपालीकडून वारा येत होता, तिच्या कपाळावरचे केस उडत होते.

"ही बायची खिडकी हाय," ती म्हणाली. "तिनं मना दाखवली व्हती. ही नाय खाल्ली भिंतींनी."

"नाही खाल्ली."

गोदूनं खोलीभर नजर फिरवली. शकूची ट्रंक, शकूचं अंथरूण, दार, दाराची कडी. तिच्या कपाळाला आठी पडली, हुबेहूब बायसारखी. ती आईच्या समोर येऊन उभी राहिली.

"आई," तिनं विचारलं, "मंग भिंतींनी तुजी खोली का नाय खाल्ली?"